करंगळी

इथे बस, येर्को. खुर्चीचं एक चाक अडतं, तेवढं सांभाळ.
हा कीबोर्ड. टायपिंगचा नव्हे,
यावर कुणाला पत्र लिहिता येत नाही.
आधी आकडा, मग एंटर:
कॅमेरा हजेरीला उभा राहतो.
दांडी मागे ओढलीस की त्याची मान खाली,
पुढे रेटलीस की आभाळात.
मूठ पिळलीस की लांबचं जवळ येतं. हळू पीळ.
पहिल्या रात्री मी चौक शोधता शोधता
एका कुत्र्याच्या नाकपुडीत शिरले होते.

वायपरचं बटण हे. समुद्राचं मीठ काचेवर बसतं.
दोन फेऱ्या मार, तिसरी नको, रबर झिजलंय.
नऊ नंबर आंधळा झालाय, त्याला हाक मारू नकोस.
पंधरावर उन्हाळ्यात एक कोळी जाळं विणतो,
रात्री तो गोदामावर चढलेला दिसतो,
पोलिसांना फोन करू नकोस.

आणि ही दांडी.
चार वर्षं ती आपणहून डावीकडे कलायची.
सोडली की सगळं पुंता अरेनास हळूहळू डावीकडे चालू लागायचं.
मग मी करंगळी टेकवून धरायची तिला,
झोपेत खाटेच्या कडेला सरकणाऱ्या पोराला धरावं तशी.

नोव्हेंबरातली गोष्ट. असा वारा की
चौकात माणसांनी धरून चालायला दोर बांधले होते.
पहाटेचे तीन. सतरावर मोडका धक्का,
खांबाखांबावर पाणकावळे, चोची छातीत खुपसून.
थर्मास उघडायला मी हात काढला
आणि सतरा निसटला:
रस्ता, कचराकुंडी, आइस्क्रीमची बंद टपरी,
दिव्याच्या खांबाला मिठी मारून
एक म्हातारा.

गस्तीची गाडी म्हणाली, वीस मिनिटं.
कुठेतरी छप्पर उडालं होतं.

इथून बोलता येत नाही, येर्को.
एवढी बटणं, पण ‘थांबा’ नाही, ‘आलेच’ नाही.
मी दांडी मागे ओढली, पुढे केली.
कॅमेऱ्याने मान हलवली. हो.
पुन्हा. हो.
म्हाताऱ्याने वर पाहिलं,
एक हात सोडला,
मग दुसरा.

अठरा, एंटर. एकोणीस, एंटर.
दर खांबाशी मी आधी पोचायची
आणि त्याच्याकडे वळून उभी.

एकोणीस आणि वीसच्या मध्ये चाळीस मीटर
कुणाचेच नाहीत.
तिथे मी त्याला वाऱ्यावर सोडलं,
म्हणीतल्यासारखं नव्हे, खरोखर.
वीसवर रिकामा फुटपाथ.
आधी टोपी आली, लोळत.
मग बराच वेळ काहीच नाही.
मग तो, उघड्या डोक्याचा, तिरका,
आणि टोपी उचलायला वाकला!
राहू दे ना ती टोपी, मी ओरडले,
चार मॉनिटर आणि एका हीटरपुढे.

गल्लीत वळताना त्याने टोपी किंचित उचलली.
त्याने की वाऱ्याने,
सात वेळा रेकॉर्डिंग पाहूनही कळलं नाही.
तिसाव्या दिवशी ते आपोआप पुसलं गेलं.
नोंदवहीत आहे: ०३:१४, पादचारी, किनारा रस्ता,
मदत लागली नाही.

मार्चमध्ये रुपेर्तो आला. चार स्क्रू, कापूस, स्पिरिट.
आता दांडी सरळ उभी राहते, सुट्टीवरच्या शिपायासारखी नाही.
पण माझी करंगळी ऐकत नाही, अजून रेटतेच.
त्यामुळे हल्ली माझ्या पाळीत
सगळे कॅमेरे हळूहळू उजवीकडे जातात,
जिथे नुसतं पाणी आहे.
वरिष्ठ म्हणाले, दोन्या नोल्फा, आता दिवसपाळी घ्या.

तुझा हात नवा आहे.
चल, आकडा दाब.
नऊ नको म्हटलं ना.